स्क्रूला हात लावण्याआधी : क्विल्टिंग मशीनविषयी वाचकांचे प्रश्न

यावेळच्या बहुतेक पत्रांत विचारलंय ते एकच: टाका नीट बसत नाही, टेन्शन किती नंबरवर ठेवू? टेन्शन म्हणजे दोऱ्याचा ताण, आणि नुसता नंबर सांगून काम भागत नाही. वरचं कापड, मधलं बॅटिंग (आतलं भरण) आणि खालचं अस्तर अशी तीन थरांची शिवण घालताना टेन्शन बिघडल्यासारखं दिसतं, पण खोट निघते ओवण्यात, सुईत किंवा शटलमध्ये, म्हणजे सुईखाली फिरून दोऱ्याचा फासा पकडणाऱ्या भागात, साठलेल्या कचऱ्यात. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

घरगुती इलेक्ट्रिक मशीनवर क्विल्ट शिवते. वरून टाका छान दिसतो, पण उलट्या बाजूला दोऱ्याचे फासेच फासे. बॉबिनचा स्क्रू आवळून पाहिला, काही फरक नाही.
— एक वाचक, म्हापसा

फरक पडणारच नव्हता. खालच्या बाजूला दिसणारे फासे बॉबिनच्या दोऱ्याचे नसतात, वरच्या दोऱ्याचे असतात. वरच्या दोऱ्याला कोणी धरून ठेवत नाही, म्हणून तो खाली ओढला जातो. फासे खाली दिसतात म्हणून हात खालच्या स्क्रूकडे जातो, आणि एकाच्या जागी दोन गोष्टी बिघडून बसतात.

आधी ओवणं तपासा. दाबपाय वर असतो तेव्हा टेन्शनच्या दोन चकत्या उघड्या असतात, पाय खाली केला की त्या मिटतात. पाय खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या मधे न शिरता वरून घसरून जातो. म्हणून सगळा दोरा काढा, पाय वर करा, सुईदेखील सर्वांत वर आणा आणि पहिल्यापासून ओवा. सुईबरोबर वर-खाली होणाऱ्या टेक-अप लिव्हरच्या भोकातून दोरा गेला आहे ना, हे बोटाने ओढून बघा. तो सुटला तर चार टाक्यांत खाली गुंता होतो.

ओवून झाल्यावर पाय खाली करा आणि सुईजवळून दोरा ओढा. चांगला जोर लागला पाहिजे, सुई किंचित वाकलेली दिसली पाहिजे. पाय वर केल्यावर तोच दोरा सहज सरकला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल येत असेल तर चकत्यांच्या मधे तंतूंचा गोळा बसलेला आहे. पाय वर ठेवून मलमलीची बारीक पट्टी दुमडा आणि दोरा जातो त्याच वाटेने तीन-चार वेळा ओढा. टाचणी घालू नका. चकतीवर ओरखडा पडला की दोरा त्यातच अडकतो.

एवढं झालं की नमुना शिवायचा. ज्याचा क्विल्ट करणार तेच कापड, तेच बॅटिंग, तेच अस्तर, साधारण 25 सेंमीचा चौकोन. वर लाल आणि खाली निळा असे वेगळ्या रंगाचे पण सारख्या जाडीचे दोरे घ्या. टाका 2.5 ते 3 मिमी. वरच्या टेन्शनचा डायल 4 वर ठेवून एक ओळ घाला, मग अर्ध्या-अर्ध्या नंबराने वाढवत नेत प्रत्येक ओळीशेजारी पेनने नंबर लिहा. ज्या ओळीत वर फक्त लाल आणि खाली फक्त निळा दिसतो तो तुमचा नंबर. दोन दोऱ्यांची गाठ बॅटिंगच्या पोटात लपली पाहिजे. जाड पॉलिस्टर बॅटिंगमध्ये ती लपायला भरपूर जागा असते, पातळ सुती बॅटिंगमध्ये नसते. म्हणून पहिल्या क्विल्टला जमलेला नंबर दुसऱ्याला जमेलच असं नाही.

डोळ्यांना ठरवता येत नसेल तर बॅटिंग न घालता दोन थरांवर, कापडाच्या तिरक्या दिशेने एक ओळ शिवा आणि दोन्ही टोकं धरून झटका द्या. फक्त वरचा दोरा तुटला तर वरचं टेन्शन जास्त आहे, फक्त खालचा तुटला तर खालचं जास्त आहे. दोन्ही एकदम तुटले तर ताण बरोबर.

बॉबिनचा स्क्रू आवळून ठेवला आहेच, तो जागेवर आणण्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

गडद निळ्या कापडावर बॉबिनचा पांढरा दोरा ठिपक्यांसारखा वर येतो. बॉबिन केसचा स्क्रू किती फिरवायचा? केसवर दोन स्क्रू आहेत.
— एक वाचक, साखळी

ठिपके वर येतात म्हणजे वरचा दोरा जास्त ओढतो आहे किंवा खालचा फार सैल आहे. पहिल्यांदा डायल एक नंबर कमी करून पाहा. बऱ्याचदा तिथेच प्रश्न मिटतो.

नाही मिटला तर बॉबिन केस बाहेर काढा. पातळ पोलादी पट्टीच्या मधोमध असतो तो मोठा स्क्रू टेन्शनचा. टोकाजवळचा छोटा पट्टी धरून ठेवतो, त्याला हात लावायचा नाही. आधी पट्टीच्या खाली व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवून कचरा काढा. एक तंतू अडकला तरी ताण बदलतो. बॉबिन घालताना दोरा खाचेतून पट्टीखाली जाताना उलटा वळसा घेतो ना, हेही बघा. बॉबिन उलटी बसली तर दोरा सरळ निघतो, पट्टीखालून सुटतो आणि ताण राहत नाही.

आता भरलेल्या बॉबिनचा दोरा धरून केस हवेत लोंबकळू द्या. ती आपल्या वजनाने घसरत खाली जाता कामा नये. हाताला हलका झटका दिला की 2 ते 5 सेंमी खाली येऊन थांबली पाहिजे. झटका देऊनही हलत नसेल तर ताण जास्त, घसरत जमिनीकडे निघाली तर कमी. स्क्रूची खाच सध्या कुठे आहे त्यावर मार्करने खूण करा. मग घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांत जितकं अंतर कापावं तेवढंच फिरवा, म्हणजे एका फेऱ्याचा बारावा भाग. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. दरवेळी पुन्हा लोंबकळवून बघा. हे काम ताटात किंवा डब्याच्या झाकणात करा. तो स्क्रू तिळाएवढा असतो, फरशीवर पडला तर सापडत नाही.

पट्टीच्या कडेला दोऱ्याने चर पाडला असेल तर स्क्रू कितीही फिरवला तरी ताण धरत नाही. केस बदलणं हा एकच इलाज. वरून बॉबिन टाकायच्या मशीनमध्ये केस प्लास्टिकची असते आणि तिच्यावर एखादा स्क्रू रंग लावून बंद केलेला असतो. तो कंपनीने बसवलेला आहे, तसाच राहू द्या.

बॉबिन भरतानाही लक्ष हवं. दोरा भरण्याच्या छोट्या चकतीतून गेला नाही तर तो सैल आणि वेडावाकडा गुंडाळला जातो, मग शिवताना ताण दर इंचाला बदलतो. बॉबिन काठोकाठ भरू नका. आणि गडद कापडाला पांढरा दोरा खाली लावण्याचा हट्ट कशाला? पातळ बॅटिंगमध्ये सुईच्या भोकातून थोडा तरी रंग डोकावतोच.

आजीच्या जुन्या लुगड्यांची वाकळ पायमशीनवर शिवायची आहे. सहा थर घेतले तर टाके सुटतात आणि सुया मोडतात.
— एक वाचक, वाळपई

टाका सुटणं आणि टेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुई अगदी खाली जाऊन 2 मिमीच्या आसपास वर येते तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो आणि शटलचं टोक तो पकडतं. जाड थर सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचलले गेले तर फासाच होत नाही, शटल रिकामं फिरतं आणि टाका सुटतो. म्हणून थर पाटीवर, म्हणजे सुईखालच्या भोकाच्या पत्र्यावर, दाबून धरणं महत्त्वाचं. मशीनच्या डोक्यावरचा दाबपायाचा स्क्रू दोन-तीन फेरे आत घाला.

सुई 16 नंबरची, म्हणजे 100ची, घ्या. थर फारच असतील तर 18, म्हणजे 110ची. काळ्या पायमशीनला आणि घरगुती मशीनला एका बाजूने सपाट मानेची एचए×1 सुई लागते. कारखान्याच्या मशीनची गोल मानेची सुई बसते असं वाटलं तरी घालू नका, तिची उंची जुळत नाही. सुई वरपर्यंत, अडेपर्यंत खोचायची. सुईवरची लांब खोबण ज्या बाजूने दोरा ओवतो त्या बाजूला आली पाहिजे. उलटी बसली तर एकही टाका धड बसत नाही.

सुया मोडण्याचं कारण बहुधा हात. जाड शिवण पुढे जात नाही म्हणून आपण मागून ओढतो, सुई वाकते आणि पाटीवर आपटते. पाटीच्या भोकाला बोट लावून बघा. सुई आपटून तिथे बारीक खरखर उठली असेल तर दोराही तुटत राहील. अगदी बारीक पॉलिश पेपरची गुंडाळी करून भोकातून फिरवली की ती जाते.

लुगड्यांची तयारी तितकीच महत्त्वाची. कांजी पूर्ण धुऊन काढा, कडक कापडात सुई लवकर बोथट होते. काठ आणि जर उसवून बाजूला ठेवा. काठ हवेच असतील तर वाकळीच्या कडेला लावा, सुईखाली घेऊ नका. थर कडक उन्हात वाळवून, अंथरून, मधून बाहेरच्या दिशेने 10-12 सेंमीवर मोठे कच्चे टाके घाला. शिवतानाही मधली ओळ आधी, मग एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे. एका कडेपासून सुरू केलं तर खालचा थर सुरकुतत जातो आणि दुसऱ्या कडेला चार बोटं फरक पडतो. टाका 3 ते 3.5 मिमी. थर वाढले की दोऱ्याला जास्त वाट चालावी लागते, म्हणून वरचं टेन्शन नेहमीपेक्षा थोडं सैल.

खरं सांगायचं तर पायमशीनवर चार थर पुरे. सहा थरांची वाकळ हातच्या धावदोऱ्यानेच करा आणि मशीन ठिगळं जोडायला व कडा बांधायला ठेवा. दाट मशीनशिवणीची वाकळ धुतल्यावर हातच्यासारखी मऊ पडत नाही.

मशीनला खोबरेल तेल चालतं का? घरी तेच असतं.
— एक वाचक, पेडणे

चालत नाही. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठू लागतं आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा त्याच्याही खाली जातो. सकाळी मशीन जड फिरतं ते त्यामुळे. शिवाय धुळीबरोबर त्याचा चिकट थर बसतो. सरसूचं तेल, स्वयंपाकाचं तेल, सायकलच्या साखळीचं तेल, कोणतंच नको. पांढरं, पातळ शिलाई मशीनचं तेल आणा. आधी खोबरेल घातलंच असेल तर त्या जागी रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडून मशीन हाताने फिरवा, काळा चिकटा फडक्याने पुसा, रॉकेल पूर्ण उडू द्या आणि मग मशीन तेल घाला. गंज सोडवणारा फवारा हा तेलाला पर्याय नाही. तो उडून जातो आणि खाली लोखंड कोरडं राहतं.

वळणदार नक्षी हाताने फिरवून शिवताना सरळ रेषा चांगली येते, पण प्रत्येक वळणावर खाली पापण्यांसारखे फासे पडतात.
— एक वाचक, मडगाव

वळणावर हात नकळत जोरात फिरतो आणि मशीनचा वेग तोच राहतो. सुई कापडात असतानाच क्विल्ट सरकला की सुई वाकते आणि वरचा दोरा खाली ओढला जातो. वळण येताच हात सावकाश, पायाखालचा वेग मात्र तसाच ठेवा. वरचं टेन्शन अर्धा ते एक नंबर वाढवा, सुई 14 ची असेल तर 16 ची घाला. जाड सुई कमी वाकते. कापड पुढे सरकवणारे दाते खाली केलेले असोत वा नसोत, दाबपाय खाली आहेच ना, ते दरवेळी बघा. फिरत्या शिवणीचा पाय कापडावर टेकत नाही, त्यामुळे तो वर राहिलेला लक्षात येत नाही, आणि मग चकत्या उघड्याच राहतात. क्विल्टचा भार टेबलाखाली लोंबत असेल तर शेजारी दुसरं टेबल लावा. त्या ओढीनेही टाका लहानमोठा होतो.

आम्ही समुद्राजवळ राहतो. जून ते सप्टेंबर मशीन बंद असतं आणि चतुर्थीच्या आधी उघडलं की पाटीवर गंज, चाक जड. काय करावं?
— एक वाचक, मोरजी

बंद ठेवणं हेच निम्मं कारण. तेल हलत राहिलं तरच लोखंडावर त्याचा पापुद्रा टिकतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दोरा काढून, पाय वर ठेवून मशीन पाच मिनिटं चालवा.

मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस काढा. प्लग काढा. सुई, पाय आणि पाटी काढून दात्यांच्या मधल्या खाचा ब्रशने साफ करा. क्विल्टच्या कामात बॅटिंगचे तंतू तिथे नमद्यासारखे दाबून बसतात, ते चिमट्याने काढावे लागतात. तोंडाने फुंकू नका, फुंकरीतला ओलावा लोखंडावर बसतो. दाबलेल्या हवेच्या डब्यानेही कचरा बाहेर येण्याऐवजी आत जातो. शटल बाहेर काढून पुसा आणि शटलच्या रेसमध्ये, म्हणजे ते ज्या कड्यात फिरतं तिथे, एकच थेंब तेल सोडा. वरच्या तेलाच्या भोकांत एकेक थेंब, चाक हाताने दहा-बारा वेळा फिरवा, मग टाकाऊ कापडावर बिनदोऱ्याने शिवून जास्तीचं तेल जिरवा. पाटी, सुईदांडी आणि उघड्या चकचकीत भागांवर तेलाच्या फडक्याने हात फिरवा. मोटर आणि रबरी पट्टा यांना तेल लागता कामा नये. मशीनच्या पुस्तकात तेल घालू नका असं लिहिलं असेल तर अर्थातच घालायचं नाही.

प्लास्टिकचं कव्हर काढून टाका. आत दमट हवा कोंडते आणि रात्री गार पडली की लोखंडावर दव धरतं. सुती कापडाचं कव्हर घाला. मशीन समुद्राकडच्या खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब हलवा. खारट वारा गंज झपाट्याने वाढवतो. सुया, बॉबिन केस, सुटे पाय घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारे दाणे असतील तर रंग बदलला की त्यात ओलावा भरला असं समजा. ते 110-120 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात, पण निळे दाणे विषारी असतात, स्वयंपाकाचा ओव्हन किंवा भांडं त्यांना लावू नका.

दोऱ्यांची पण काळजी घ्या. सुती दोरा दमट झाल्याने कमजोर होत नाही, उलट थोडा बळकट होतो, पण त्याला बुरशी लागते. चकचकीत रेयॉनचा दोरा मात्र ओलाव्याने खरंच कमजोर होतो. दोरा हाताने झटकून तोडून बघा. विनासायास तुटला तर तो कच्चे टाके घालण्यापुरता. आणि पायमशीनचा चामड्याचा पट्टा पावसात सैल पडतो, तो थोडा कापून पुन्हा जोडावा लागतो. चाक फिरतं पण सुई अडखळते, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

आमच्या बचतगटाने कारखान्याचं सिंगल नीडल मशीन घेतलं. रजया शिवताना दर दहा मिनिटांनी वरचा दोरा तुटतो. तेलाचे डागही पडतात.
— गटाच्या वतीने, फोंडा

तुटलेलं टोक भिंगातून बघा. टोक वितळून गोळीसारखं झालं असेल तर सुई तापते आहे. हे मशीन मिनिटाला 4,000 ते 5,000 टाके मारू शकतं. पॉलिस्टर कापड, पॉलिस्टर बॅटिंग आणि पॉलिस्टर दोरा यांतून त्या वेगाने गेलेली सुई इतकी तापते की दोरा मऊ पडून तुटतो. पॉलिस्टर 250 अंशांच्या थोडं पुढे वितळतं, सुती दोरा वितळत नाही. वेग 1,500 ते 2,000 वर आणा. सर्वो मोटर असेल तर तिच्यावर मर्यादा लावता येते. जुन्या क्लच मोटरवर पायानेच आवरावं लागतं, आणि ते रजईच्या कामात फार कटकटीचं. पुढेमागे पैसे जमले तर नव्या मशीनपेक्षा आधी सर्वो मोटर घ्या.

टोक पिंजल्यासारखं असेल तर दोरा कुठेतरी घासतो आहे: बोथट सुई, पाटीचं भोक, शटलच्या टोकावरचा ओरखडा. टोक स्वच्छ तुटलं असेल तर ताण जास्त. दोऱ्याच्या रिळावरचा टिकिट नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. 120 टिकिटला 11 ते 14 नंबरची सुई, 75 टिकिटला 14 ते 16. जाड दोरा बारीक सुईत घातला तर नाकातच घासून तुटतो. या मशीनची डीबी×1 सुई गोल मानेची असते, त्यामुळे ती किंचित तिरकी बसली तरी कळत नाही. लांब खोबण बरोबर डावीकडे, ओवण्याच्या बाजूला ठेवा.

डाग शटलला तेल जास्त मिळाल्याने पडतात. मशीनखालच्या तबकातल्या तेलाची पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधे आहे ना, ते बघा. मग पाटी तशीच ठेवून, दोरा काढून, शटलजवळ कोरा कागद धरा आणि मशीन पाच सेकंद चालवा, बोटं लांब ठेवून. कागदावर तेलाची बारीक रेघ उठावी. जाड पट्टा किंवा शिंतोडे आले तर शटलच्या तेलाचा स्क्रू थोडा कमी करा. काहीच उमटलं नाही तर ते त्याहून वाईट, शटल कोरडं चालतं आहे. रोज सकाळी पहिलं कापड टाकाऊ असू द्या.

सुई, बॉबिन, ओवणं सगळं तपासलं, सुई नवी आहे, तरी टाके सुटतात. टायमिंग घरी लावता येईल का?
— एक वाचक, पणजी

टायमिंग म्हणजे शटलचं टोक सुईमागे नेमक्या क्षणी पोहोचणं. सुई खालून वर निघाली की टोक तिच्या नाकाच्या थोडं वर, सुईच्या मागच्या खोलगट भागातून, जवळजवळ चिकटून पण न लागता जावं. अंतर मिमीच्या दहाव्या भागाएवढं किंवा त्याहून कमी. पाटी काढून, चाक हाताने आपल्याकडे फिरवून हे तुम्हाला बघता येईल. टोक नाकाच्या खालून जात असेल, फासा होण्याआधी पोहोचत असेल, किंवा सुईला लागून टकटक आवाज येत असेल तर टायमिंग सरकलं आहे. जाड शिवणीत सुई आपटून मोडल्यावर बहुतेक वेळा हे होतं. बघा जरूर, पण लावू नका. शटलचे स्क्रू सैल केले की जुनी जागा हरवते.

कारागिराकडे जाताना मशीनबरोबर तुमची बॉबिन केस, तोच दोरा आणि त्याच क्विल्टच्या तीन थरांचा वीतभर तुकडा घेऊन जा. दुकानात मशीन साध्या सुती कापडाच्या दोन थरांवर तपासतात, आणि त्यावर तुमचं मशीन अगदी नीट चालतं.